फ्रिज आडवा का घालू नये? घर हलवताना मोठ्या यंत्रांच्या आत काय घडतं

डोंबिवलीतल्या एका चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून माझ्या मावशीचं घर गेल्या मे महिन्यात पुण्याला कोथरूडला हलवलं. सामान बांधताना मावशी पितळी डब्यांबद्दल, देवघराबद्दल, काचेच्या कपाटाबद्दल दहादा बजावत होती. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांच्याबद्दल मात्र तिचं म्हणणं एका वाक्यात संपलं, "ते लोखंडाचं आहे रे, त्याला काय होतंय?"

हा समज बहुतेक घरांत असतो आणि तो महागात पडतो. काचेची बरणी पडली तर फुटते, आणि फुटली हे लगेच दिसतं. यंत्राचं तसं नाही. ते कुठेही न पडता, न आपटता, पत्र्यावर एक ओरखडाही न उठता बिघडू शकतं, आणि बिघडलंय हे आपल्याला नव्या घरात चार दिवसांनी कळतं. तोवर टेम्पोवाला गेलेला असतो, पैसे दिलेले असतात आणि दोष कुणाचा हे ठरवता येत नाही.

असं का होतं, हे समजायला एकच गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बाहेरचा पत्रा घट्ट असला तरी यंत्राच्या आत काहीतरी स्प्रिंगांवर टांगलेलं असतं आणि काहीतरी वाहतं असतं. तेल, गॅस, पाणी, ॲसिड. कारखान्यातून निघताना कंपनी हे टांगलेलं जखडते, वाहणारं बंदिस्त करते आणि खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण छापते. आपण घर हलवतो तेव्हा खोकं नसतं, जखडणारे बोल्ट हरवलेले असतात आणि बाणही नसतो. म्हणून प्रत्येक यंत्राला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. आत टांगलेलं काय आहे? आत वाहतं काय आहे? बाकीची सगळी काळजी या दोन उत्तरांतून निघते.

फ्रिज : काळ्या डब्यातलं तेल

फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला एक काळा, गोलसर डबा दिसतो. तो कॉम्प्रेसर. त्याचं झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं असतं. आत मोटर आणि पंप असतात, आणि ही जोडी डब्याला थेट घट्ट बसवलेली नसते. ती छोट्या स्प्रिंगांवर तोललेली असते, म्हणून तर फ्रिज चालू असताना घरभर थरथर होत नाही. डब्याच्या तळाशी तेल असतं, साधारण चहाच्या एखाद-दोन कपांत मावेल इतकं. मोटर फिरली की तिच्या पोकळ दांड्यातून हे तेल वर चढतं आणि फिरणाऱ्या भागांना वंगण मिळतं.

आता हा फ्रिज आडवा घातला तर काय होईल? तेल तळ सोडतं आणि डब्यातून बाहेर जाणाऱ्या नळ्यांमध्ये शिरतं. नंतर उभा करून लगेच बटण दाबलं, तर तीन गोष्टी होऊ शकतात. तळाशी तेल कमी असल्यामुळे पंप कोरडा फिरतो. दुसरं, गॅससाठी बनवलेल्या पंपात तेल शिरतं. गॅस दाबता येतो, तेल दाबलं जात नाही, आणि पंपाच्या झडपा म्हणजे पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, त्या तुटतात. तिसरं, तेल पुढे जाऊन केशनळीत अडकतं. फ्रिजमधला गॅस ज्या बारीक नळीतून जाऊन थंड होतो, तिचं आतलं छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. तिथे तेल साचलं की कॉम्प्रेसर चालतो, आवाज येतो, पण बर्फ धरत नाही. मेकॅनिक येऊन 'गॅस गेलाय' म्हणतो आणि आपण गॅस भरून घेतो, तरी काम होत नाही, कारण गॅस गेलेलाच नसतो.

म्हणून फ्रिज उभा न्यायचा. जिन्यात वाकवावाच लागतो, त्याला इलाज नाही, पण अर्ध्या काटकोनापेक्षा जास्त नको आणि शक्य तितका थोडा वेळ. उभा आणलेला फ्रिज नव्या घरात ठेवल्यावर दोन ते चार तास तसाच राहू द्यावा, मग चालू करावा. आडवा घालावाच लागला, तर जितका वेळ आडवा होता किमान तितका वेळ उभा ठेवावा. रात्रभर आडवा आला असेल तर मी सरळ २४ तास थांबतो. एक दिवस बाहेरून दूध आणलं तर काही बिघडत नाही, नवा कॉम्प्रेसर बसवायचा म्हटलं तर काही हजार रुपये जातात.

आणि आडवा घालायचाच तर कसा? पाठीवर कधीच नाही, दारावर तर मुळीच नाही. कुशीवर घालावा, आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळ्या ज्या बाजूला असतील ती बाजू वर ठेवावी, म्हणजे तेल त्यांच्यात ओघळत नाही. मागे वाकून एकदा बघितलं की त्या दिसतात.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते. फ्रिज निदान बारा तास, जमलं तर चोवीस तास आधी बंद करून दारं उघडी ठेवा. बर्फ आपोआप विरघळू द्या. इथे एक कळकळीची विनंती आहे : सुरी, उलथनं, पक्कड घेऊन बर्फ खरवडू नका. जुन्या पद्धतीच्या एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याची भिंत म्हणजेच गॅस फिरणारी ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. सुरीचं टोक लागलं की 'फुस्स' असा आवाज येतो आणि फ्रिजचं आयुष्य तिथेच थांबतं. अशी भोकं बुजवता येतात, पण ती दुरुस्ती क्वचितच टिकते.

कॉम्प्रेसरच्या वर एक प्लॅस्टिकचा ट्रे असतो, त्यात विरघळलेलं पाणी जमतं. तो रिकामा करायचा राहून जातो, आणि जिन्यात फ्रिज वाकवला की ते कुबट पाणी नेमकं खालच्या माणसाच्या अंगावर येतं. तो बाहेर काढा. काचेच्या फळ्या, भाजीचा कप्पा, अंड्यांची पट्टी वेगळी काढून जुन्या चादरींत गुंडाळा. दार कापडी पट्टीने किंवा रुंद पट्ट्याने बांधा. खाकी चिकटपट्टी थेट रंगावर लावली तर उन्हात ती इतकी घट्ट बसते की काढताना रंग सोबत येतो. लावायचीच असेल तर खाली कागद किंवा बबल रॅप ठेवा.

गॅसबद्दलही थोडं सांगायला हवं. आताच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन वायू असतो. पर्यावरणाला तो पूर्वीच्या वायूंपेक्षा खूप कमी घातक आहे, पण ज्वलनशील आहे. कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर ज्वाळेचं चिन्ह असेल तर तुमच्या फ्रिजमध्ये तोच आहे. प्रमाण फार थोडं, ग्रॅममध्ये मोजण्याइतकंच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र हलवताना मागची नळी दुमडली आणि सूं सूं आवाज आला, तर खिडक्या उघडा, जवळपास काडी पेटवू नका, दिव्यापंख्याची बटणं चालू-बंद करू नका, आणि तो फ्रिज मेकॅनिकनं तपासल्याशिवाय लावू नका. याच कारणासाठी फ्रिज मागच्या नळ्यांना धरून उचलायचा नाही. हात तळाला, पट्टा बाजूंनी.

वॉशिंग मशीन : चार बोल्टांची किंमत

फ्रिजमध्ये वाहणारं महत्त्वाचं, तर वॉशिंग मशीनमध्ये टांगलेलं. समोरून दार असलेलं, म्हणजे फ्रंट लोड मशीन घ्या. आतला ड्रम ज्या मोठ्या टबमध्ये फिरतो तो टब वरून स्प्रिंगांना लटकलेला असतो आणि खालून शॉकअब त्याला धरून असतात, अगदी मोटारसायकलला असतात तसे. शिवाय टबला काँक्रीटची किंवा लोखंडाची जड वजनं बांधलेली असतात. ड्रम मिनिटाला १००० ते १४०० फेरे घेतो, तेव्हा मशीन घरभर नाचू नये म्हणून ती वजनं. सात किलो कपड्यांचं फ्रंट लोड मशीन स्वतः ६० ते ७० किलो भरतं ते मुख्यतः यामुळेच.

म्हणजे पातळ पत्र्याच्या पेटीत एक जड गोळा स्प्रिंगांवर झुलतोय, असं हे यंत्र आहे. ते टेम्पोत घालून खड्ड्यांतून नेलं की प्रत्येक हिसक्याला तो गोळा पत्र्यावर, काचेवर, मोटरच्या पट्ट्यावर आपटतो. स्प्रिंग निसटते, शॉकअब वाकतात, कधी टबला चीर पडते.

माझ्या स्वतःच्या मशीनचं असंच झालं होतं. नाशिकहून कोल्हापूरला बदली झाली, सामान एका नावाजलेल्या वाहतूक कंपनीकडे दिलं, त्यांनी मशीन तीन थर बबल रॅपमध्ये सुरेख गुंडाळलं. बाहेरून ते नव्यासारखं उतरलं. पहिल्याच धुण्यात पिळण्याच्या वेळी असा धडधडाट झाला की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. दोन्ही शॉकअब गेले होते आणि टबला तडा होता. बबल रॅपनं पत्रा वाचवला, आतल्या गोळ्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

हे टाळण्यासाठी कंपनी मशीनसोबत लांब बोल्ट देते, बहुतेकांत तीन किंवा चार. मशीनच्या मागच्या पत्र्यातून ते थेट टबमध्ये जातात आणि टबला पेटीशी जखडून टाकतात. यांना ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. पहिल्यांदा मशीन बसवायला आलेला माणूस ते काढतो, भोकांवर प्लॅस्टिकची टोपणं लावतो आणि बोल्ट तुमच्या हातात देतो. तिथून ते कुठे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. घर हलवायच्या महिनाभर आधीच ते शोधा. सापडले नाहीत तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल क्रमांक सांगून मागवता येतात. दुसऱ्या मॉडेलचे बोल्ट बळेच बसवू नका, लांबी चुकली तर तेच टबला भोक पाडतील.

बोल्ट कुठूनच मिळाले नाहीत तर? दार उघडून ड्रम आणि पेटी यांच्यामधल्या फटीत कापड कोंबायचा सल्ला दिला जातो. त्यानं थोडा आधार मिळतो, पण लांबच्या प्रवासाला तो पुरेसा नाही, कारण जड भाग मागे असतो आणि समोरून तिथे हात पोचत नाही. अशा वेळी मी मेकॅनिककडून वरचा पत्रा उघडून टब आणि पेटी यांच्या मधे फोमचे ठोकळे बसवून घेतो. त्याला द्यावे लागणारे पैसे दुरुस्तीच्या मानानं किरकोळ असतात.

वरून झाकण असलेल्या टॉप लोड मशीनमध्ये टब चार कोपऱ्यांतून चार लांब सळ्यांवर लटकतो. त्याला बोल्ट नसतात. नवीन मशीन येतं तेव्हा टबच्या वर आणि खाली फोमचे किंवा थर्माकोलचे तुकडे असतात. ते जपले असतील तर पुन्हा घाला. नसतील तर टब आणि पेटी यांच्या मधल्या कडेनं जुन्या साड्या, सतरंज्या घट्ट बसवा आणि झाकण बांधून टाका. हे मशीन उभंच न्यायचं. सेमी ऑटोमॅटिक मशीन हलकं असतं आणि सगळ्यांत सोसणारंही, तरी त्याच्या पिळण्याच्या ड्रममध्ये एक उशी कोंबली की काम झालं.

पाण्याचं विसरू नका. फ्रंट लोडच्या पुढे खाली एक छोटं झाकण असतं, आत गाळणी. खाली ताट ठेवून ती सोडवा, निदान लिटरभर पाणी निघेल. ते आत राहिलं आणि मशीन वाकलं तर पाणी थेट मोटरवर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्डावर जातं. पाणी येण्याची आणि जाण्याची नळी काढून, पाणी झटकून, ड्रममध्येच ठेवा म्हणजे हरवत नाही. नळाची पितळी जोडणीही काढून घ्यायची राहते. नव्या घरात रात्री आठ वाजता ती शोधत फिरायची वेळ येते.

एसी : हे काम आपलं नाही

स्प्लिट एसी हलवताना हात लावण्याआधी थांबा. इथे आतला वायू बराच जास्त असतो, दाबाखाली असतो, आणि खोलीतलं युनिट व बाहेरचं युनिट यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत फिरत असतो. नळ्या सरळ सोडवल्या तर सगळा गॅस हवेत जातो. पैशाचं नुकसान आहेच, त्याहून मोठं पर्यावरणाचं. हल्ली बहुतेक एसींत असणारा आर-३२ वायू वातावरण तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट प्रभावी आहे. त्याआधीच्या आर-४१०ए चा आकडा २०८८ आहे. मग एक किलो गॅस 'उडवून' टाकणारा मेकॅनिक नेमकं काय करतोय, हे लक्षात येतं.

बरोबर पद्धतीला 'पंप डाउन' म्हणतात. एसी थंड करण्याच्या स्थितीत चालू ठेवतात. बाहेरच्या युनिटला दोन व्हॉल्व्ह असतात, एक बारीक नळीचा आणि एक जाड नळीचा. बारीक नळीतून द्रव झालेला गॅस घरात येतो, जाड नळीतून तो वायू होऊन परत जातो. आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीनं बंद करतात. आता घराकडे नवा गॅस येत नाही, पण कॉम्प्रेसर घरातला गॅस ओढून घेतच राहतो. दाबमापकाचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि लगेच एसी बंद. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये साठला. मग नळ्या सोडवायच्या आणि तोंडं ताबडतोब टोपणांनी बंद करायची.

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतो, स्वतः करू नका. जोडणी सैल असेल किंवा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर जास्त वेळ चालवला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा आणि तेल एकत्र दाबलं गेलं की प्रचंड तापतं, डिझेल इंजिनात होतं तसंच, आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. त्यात माणसं दगावली आहेत. शिवाय बाहेरचं युनिट तिसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी स्टँडवर असतं, २५ ते ३५ किलोचं. स्टँडचे बोल्ट गंजलेले असतात, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तर हमखास. युनिटला दोर बांधून, दोर आतून खांबाला अडकवून मगच शेवटचा नट सोडवायचा. कारागिराच्या कमरेला पट्टा असला पाहिजे. तो नको म्हणाला तर काम थांबवा. हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगावं.

नव्या जागी बसवताना एकच आग्रह धरा : व्हॅक्यूम पंप आणलाय का? पुष्कळ जण थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देतात आणि झालं म्हणतात. तेवढ्यानं नळीतला ओलावा जात नाही. ओलावा तेलात मिसळतो, आम्ल तयार होतं आणि ते मोटरच्या तारांचं आवरण हळूहळू खातं. व्हॅक्यूम पंप किमान पंधरा-वीस मिनिटं चालला पाहिजे. आणि तांब्याची नळी नव्या जागेसाठी लांबी कमी-जास्त करावी लागते, तेव्हा ती हातानं दुमडून वाकवू नये. एकदा चेपलेली नळी सरळ केली तरी तिथला मार्ग अरुंदच राहतो.

बाहेरचं युनिटही टेम्पोत उभंच ठेवायचं, कारण त्यातही तेलाचा तोच डबा आहे.

बाकीचं, थोडक्यात

टीव्हीचा मोठा पडदा म्हणजे अतिशय पातळ काच. तो आडवा ठेवला की स्वतःच्याच वजनानं मधे खचतो आणि खड्ड्यात गेला की तडकतो. उभाच न्यायचा, दोघांनी, कडांना धरून, पडद्यावर बोट न दाबता. दोन गाद्यांच्या मधे उभा बसवला तर उत्तम.

इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५० ते ६० किलोची असते आणि तिच्यात सल्फ्युरिक ॲसिड वाहतं असतं. इन्व्हर्टर बंद करून, मेन स्विच पाडून मगच तारा सोडवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे तो चुकून दोन्ही टोकांना एकदम टेकला तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरी उभी, ट्रेमध्ये, कपड्यांच्या आणि अंथरुणाच्या सामानापासून दूर. सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा टाकून भरपूर पाणी ओता. हाताला लागलं तर लगेच नळाखाली धरा.

गॅस सिलिंडर सामानाच्या टेम्पोत घालू नका. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्या वितरकाकडे जमा करून कागद घ्यायचा आणि नव्या गावात त्या कागदावर जोडणी घ्यायची. १४.२ किलो गॅस भरलेलं सिलिंडर बंद टेम्पोत, घाटातल्या उन्हात, शेजारी बॅटरी, हा धोका कुणीच पत्करू नये.

जिना

जिन्यात यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीनुसार एका प्रौढ पुरुषानं हातानं वाहायचं वजन ५५ किलोच्या वर जाऊ नये. फ्रंट लोड मशीन त्याहून जड असतं, तरी 'एकटा नेतो' म्हणून पाठीवर घेणारे हमाल आपण पाहतो आणि कौतुकानं बघत राहतो. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची बाजू लावून धरली, त्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, तो याच पाठींसाठी. आपल्या घरचं सामान उचलणारा माणूस नोंदणी झालेला माथाडी असो वा नसो, त्याला तिसरा-चौथा गडी सोबत देणं आपल्या हातात आहे. दोन माणसांचे पैसे वाचवून कुणाचा मणका जायला नको.

जड वस्तू जिन्यातून उतरवताना वजन दोघांवर सारखं पडत नाही. वस्तू कलली की खालच्या माणसाच्या वाट्याला निम्म्याहून बरंच जास्त येतं. म्हणून ताकदीचा माणूस खाली, आणि वर पट्टा धरून मागे ओढून ठेवणारा दुसरा. फ्रिज उतरवताना कॉम्प्रेसरची जड बाजू, म्हणजे तळ, खालच्या दिशेला. बोलायचं एकानंच. मावशीच्या इमारतीत हमालांचा मुकादम 'धर', 'थांब', 'टेकव' या तीन शब्दांवर सगळा फ्रिज खाली घेऊन आला, आम्हा घरच्यांना त्यानं आधीच नम्रपणे सांगितलं होतं, "काका, मधे कुणी बोलू नका." प्रत्येक वळणावर टेकवून श्वास घेतला. आदल्या दिवशी टेपनं जिन्याची सगळ्यांत अरुंद जागा आणि फ्रिजची रुंदी मोजली होती, म्हणून कठड्यापाशी अडकायची वेळ आली नाही. दार काढल्याशिवाय फ्रिज निघणार नाही हे मोजमापातूनच कळतं. वळणावर अर्ध्यात अडकून कळलं, तर मागेही जाता येत नाही.

टेम्पोत आणि घाटात

टेम्पोत ठेवताना लोक वस्तू हलू नये याचा विचार करतात, कोसळू नये याचा कमी करतात. दीड मीटर उंच, ६० सेंटिमीटर खोल फ्रिज धरा, त्याचा गुरुत्वमध्य सुमारे ७० सेंटिमीटरवर. ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला की वस्तूवर पुढच्या दिशेनं तिच्या वजनाच्या निम्म्याइतका रेटा सहज येतो. ६० किलोच्या फ्रिजवर ३० किलोचा धक्का. या मापाचा फ्रिज कलंडायला त्याहून थोडा कमी रेटाही पुरतो. म्हणजे न बांधलेला उभा फ्रिज एका ब्रेकमध्ये पडू शकतो. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर तर आधीच कल पुढे असतो.

म्हणून फ्रिज आणि मशीन केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवायचं, म्हणजे ब्रेकचा रेटा भिंत घेते. पाठ भिंतीकडे ठेवली तर मधे जाड गादी हवी, मागच्या नळ्या दबायला नकोत. एक कुशी भिंतीकडे असेल तर अधिक चांगलं. पट्टे दोन, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक छातीच्या. नुसता वरचा पट्टा लावला तर तळ घसरतो, नुसता खालचा लावला तर डोकं झुकतं. सुतळी किंवा नायलॉनची दोरी कडांवर थेट आवळू नका, पत्रा चेपतो. खाली पुठ्ठ्याचे कोपरे ठेवा. फ्रिजवर काहीही ठेवायचं नाही, 'हलकीच पिशवी आहे' तरीही नाही.

मे ते ऑक्टोबर या काळात ताडपत्री हवीच. वळवाचा पाऊस विचारून येत नाही. भिजलेलं यंत्र पुसून लगेच चालू करू नका. मागचा पत्रा उघडून एक-दोन दिवस पंख्याखाली वाळवा.

कागदाचंही काम आहे. सामान चढण्याआधी प्रत्येक यंत्राचे चारही बाजूंनी फोटो काढा, असलेल्या ओरखड्यांसकट, आणि चालू स्थितीतला दहा सेकंदांचा व्हिडिओ. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, प्रत्येक यंत्राचं नाव आणि किंमत लिहून घ्या. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी मर्यादित आहे. जादा जोखमीचा दर देऊन किंमत आधी जाहीर केली नसेल, तर नियमांप्रमाणे ती भाड्याच्या दहापटीपर्यंतच जाते. भाडं दोन हजार आणि मशीन चाळीस हजारांचं असेल, तर हिशेब तुम्हीच करा. प्रवासाचा विमा घेताना 'आतला बिघाड' त्यात धरलाय का, हे वाचा. बऱ्याचदा फक्त अपघात आणि आग असते.

पहिला दिवस

नव्या घरात सगळ्यात आधी फ्रिज त्याच्या जागी उभा करा, म्हणजे बाकीचं सामान लावेपर्यंत त्याची विश्रांती होते. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये उष्णता बाजूच्या पत्र्यांतून बाहेर जाते, म्हणून दोन्ही बाजूंना बोटभर तरी जागा सोडा. प्लग लावण्याआधी सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, पण मागे तारच नसते. चालू केल्यावर रिकामाच पाच-सहा तास चालू द्या. कॉम्प्रेसरचा आवाज सुरुवातीला किंचित वेगळा वाटला तर घाबरू नका. दर दोन-तीन मिनिटांनी 'टक' करून बंद पडत असेल तर मात्र प्लग काढा आणि आणखी एक दिवस थांबून पुन्हा बघा.

वॉशिंग मशीन लावताना आधी बोल्ट काढायचे. ते तसेच ठेवून मशीन चालवलं तर जखडलेला टब सगळी पेटी घेऊन बाथरूमभर सरकतो, आणि बोल्ट नसताना प्रवासात जे नुकसान झालं असतं ते एका धुण्यात होतं. मग चारही पाय फिरवून मशीन समतल करा. लेव्हल नसेल तर वर पाण्यानं अर्धी भरलेली ताटली ठेवा, पाणी कुठल्या कडेला जास्त चढलंय ते दिसतं. पहिलं धुणं कपड्यांशिवाय, आणि त्या वेळी नळाची जोडणी हातानं चाचपून बघा.

मावशीच्या मशीनचे चारही बोल्ट काढून आम्ही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, सोबत पाना ठेवला, आणि ती पिशवी मशीनच्या मागे पाण्याच्या नळीलाच घट्ट बांधून टाकली.